देशी रोपे व जुनी घंगाळे : एकदिवसीय मोहिमेची नियमावली

मोहिमेसाठी वार रविवारच धरावा. पुण्यातला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, आणि बुधवारी रजा टाकून भंगार पाहायला गेलो होतो, असे ऑफिसात सांगता येत नाही. महिना जूनचा असावा आणि एक तरी दमदार पाऊस होऊन गेलेला असावा. मे महिन्यात रोपे आणून ती गॅलरीत भाजणाऱ्यांसाठी वेगळी नियमावली आहे. तिच्यात 'आणू नका' एवढा एकच नियम आहे.

निघण्यापूर्वी कोणते झाड देशी आणि कोणते नाही, यावर घरात एकमत करून घ्यावे. मोहिमेतले सर्वांत अवघड काम हेच, कारण अंगणातली एकेक मराठमोळी मंडळी चौकशीला उभी केली की घरात सुतकी शांतता पसरते. देवाला वाहायचा पांढरा चाफा मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा. निशिगंध मेक्सिकोचा, दसऱ्याचा झेंडूही तिकडचाच. बोगनवेल दक्षिण अमेरिकेची, सदाफुली आणि गुलमोहर मादागास्करचे. सासूबाईंसमोर ही यादी वाचायची वेळ आलीच तर झेंडूच्या आधी थांबावे. टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांना गिरिपुष्प मध्य अमेरिकेतले आहे हे मुळीच सांगू नये. त्यांची अर्धी टेकडी जाईल.

मागायची नावे पाठ करून ठेवावीत : बहावा, पळस, पांगारा, काटेसावर, करंज, ताम्हण, सीताअशोक. ताम्हण हे राज्याचे फूल असल्यामुळे त्याच्याविरुद्ध सोसायटीचे चेअरमनही उघडपणे बोलत नाहीत.

आधी जुना बाजार, मग नर्सरी हा क्रम मोडू नये. उलट केल्यास रोपे डिकीत उकडतात आणि वर त्यांच्यावर पाटा-वरवंटा ठेवला जातो.

बाजारात खिशात लोहचुंबक घेऊन जावे. पितळेला आणि तांब्याला तो चिकटत नाही. ज्याला 'शंभर वर्षांपूर्वीचं, वाड्यातलं' म्हणतात त्या घंगाळाला तो टच्चकन बसला तर आत लोखंड आहे आणि वाडा कल्पनेतला आहे. मात्र चुंबक विक्रेत्यादेखत लावू नये, अपमान होतो. घंगाळ उचलून उजेडाकडे धरावे. बुडाशी राखाडी ठिपके दिसले तर ते एम-सील आहे. एरवी हा दोष. तुम्हाला कुंडीच करायची असल्यामुळे हा गुण. पाणी जायला भोक हवेच असते आणि तुम्हाला ते फुकट मिळते आहे. तरीही चेहऱ्यावर दुःख दाखवून भाव पाडावा. "घरी बसून इन्स्टाग्रामला टाकणार ना साहेब, मग भोकाचं काय एवढं?" असे विक्रेता म्हणाल्यास उत्तर देऊ नये. त्याने तुम्हाला ओळखलेले आहे.

तांब्याच्या बंबाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवे, कारण सुशिक्षित कुटुंबे इथेच वाहवत जातात. बंब दिसतो मोठा, पण त्याच्या पोटातून उभी नळी गेलेली असते. नळीत जळण, भोवती पाणी, बाजूला तोटी, अशी त्याची रचना. म्हणजे माती भरायला उरते ती नळीभोवतीची अरुंद फट. तिच्यात एक पुदिना कसाबसा जगतो आणि नळीत सोसायटीतली मुले चॉकलेटचे कागद टाकतात. तरीही बंब घ्यायचाच असेल (आणि तुम्ही घेणारच), तर नळी कापून घेण्याची मजुरी बंबाच्या किमतीत धरावी. कापल्यावर तो बंब राहत नाही, हे घरात कोणीतरी बोलेलच.

निळे ड्रम निम्मे कापून मिळतात. आधी त्यांत काय भरलेले होते ते विचारावे, आणि उत्तर "काही नाही" आले तर घेऊ नये. जुने टायर तर नकोतच. त्यांत पाणी साचते आणि डेंग्यूचे डास तुमच्या निसर्गप्रेमाचा सर्वांत आधी लाभ घेतात.

आता सोलापूर रस्ता. लोणी काळभोर ओलांडून उरुळी कांचनच्या बाजूला नर्सऱ्यांची रांग लागते. गांधीजींनी 1946 साली निसर्गोपचाराचे केंद्र काढले ते उरुळी कांचन हेच, त्यामुळे गाडीत बसल्या बसल्या संयमावर एक छोटे भाषण करता येते. पहिल्याच नर्सरीत पिटुनिया पाहून ते विसरले जाते.

पळस मागितल्यावर नर्सरीवाला "पळस? रानात आहे की!" असे म्हणेल. घाबरू नये. अशोक मागितल्यावर तो सरळसोट, उंच, नागमोडी कडांच्या पानांचा अशोक पुढे करील. तो खोटा अशोक. सीताअशोकाच्या एका देठावर पानांच्या जोड्या असतात, आणि कोवळी पालवी तांबूस, मऊ, खाली लोंबणारी. ती पाहून "रोप मेलंय, कमी करा" असे म्हणू नये. आपण नवखे आहोत हे त्याला तिथेच कळते. उंच रोपाचाही मोह धरू नये. पिशवीच्या तळातून मुळे बाहेर येऊन आत गोल फिरली असतील तर त्याच्या शेजारचे बुटके रोप उचलावे.

सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत देशी रोपे पावसाळ्यात स्वस्त मिळतात. कन्हैयालाल मुन्शींनी 1950 साली वनमहोत्सव सुरू केला. तेव्हापासून रोप लावतानाचे फोटो मुबलक झाले. त्याच रोपाला दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी घालतानाचा फोटो पाहिलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

घरी आल्यावर खरी परीक्षा. देशी झाड फुलपाखरांसाठी लावले, असे सर्वांना सांगून झालेले असते. राणी पाकोळी हे 2015 पासून राज्याचे फुलपाखरू. ते लिंबाच्या पानावर अंडे घालते. त्यातून पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी निघते आणि पाने कुरतडू लागते. मग पाकोळीचे प्रेमीच फवारणीचा पंप शोधू लागतात. बहाव्याचेही तेच. पळस वेगळ्या तऱ्हेने छळतो. त्याचे मूळ खोल जाते, कुंडीत तो कुढतो, आणि मोठा झाला तरी बहराच्या तोंडावर त्याच्या अंगावर पान नसते. शेजारचे काका रोज "वाळलं का हो?" विचारतात. त्यांना फाल्गुनापर्यंत थांबायला सांगावे.

सगळा हिशेब करून फ्लॅटवाल्यांना आमची शिफारस अशी : कोरांटी, अडुळसा, कढीपत्ता न्यावा, जमल्यास पारिजातक. पाने कुरतडलेली दिसली तर कुंडीची जागा बदलू नये, पाहुण्यांची खुर्ची हलवावी. पळस आणि काटेसावर ज्याच्याकडे जमीन आहे त्यानेच न्यावेत. तरीही नर्सरीत शिरल्यावर पळस आहे का, हे प्रत्येकाने विचारावेच. मागणी नाही म्हणून नर्सरीवाला रोप करत नाही, आणि रोप नाही म्हणून कोणी मागत नाही. चार रविवारी चार जणांनी विचारले तर पुढच्या पावसाळ्याआधी तो रानात जाऊन बी गोळा करील.