पौष्टिकाचा भाव

पवईकरांच्या आरोग्यनिष्ठेचं जाहीर अभिनंदन! संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं आणि नाचणीचं नशीब फळफळलं. कोकणात पिढ्यान् पिढ्या मुकाट भाकरी होणारी नाचणी आता पवईच्या हिरानंदानी वसाहतीतल्या थंडगार दुकानांत काचेच्या बरणीत ऐटीत बसते. 100 ग्रॅमला 300 मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम तिच्यात पूर्वीही होतं. पण स्वस्त असल्यामुळे हाडांना लागत नसावं.

जीएसटी परिषदेनेही हे ओळखलं. ऑक्टोबर 2023 मध्ये ठरलं: किमान 70 टक्के भरडधान्य असलेलं पिठाचं मिश्रण सुटं घेतलं तर कर शून्य, लेबल लावलेल्या पाकिटातून घेतलं तर 5 टक्के. पौष्टिकता लेबलात असते, याला आणखी कोणता पुरावा हवा?

म्हणूनच पुन्हा व्यायामाला लागलेल्या गृहस्थाचं अंदाजपत्रक शास्त्रशुद्ध असतं. आधी प्रोटीन पावडर, मग बदामाचं दूध, मग परदेशी बिया. उरलंच काही, तर मुलांची फळं. खरं तर बाकीच्यांनी एकभुक्तच राहावं. एकाचे दंड फुगले की घराचं सरासरी आरोग्य सुधारतंच. पवई तलावाकाठचा सायकल ट्रॅक उच्च न्यायालयाने 2022 मध्ये बेकायदा ठरवल्यामुळे सायकलही आता घरातच, टॉवेल वाळवायच्या कामी.

शेवटी आहारतज्ज्ञाने भरभक्कम फी घेऊन तक्ता दिला: सकाळी आंबील, दुपारी भाकरी, मोडाची मटकी, ताक. गृहस्थ भारावला. आई गेली कित्येक वर्षं हेच वाढत होती, पण फुकट.

माउलींनो, उद्यापासून ताटासोबत बिलही द्या. पोरं निमूट जेवतील.