इकडून या जी!

मोझरीला एसटीतून उतरून आपण समाधीकडं निघालो, की चार पावलांवर गुरुजी गाठतात. त्यांना कुणी नेमलेलं नाही, कुणी पैसे देत नाही. तरी डोक्यावर भगवी टोपी, हातात बिनपावसाची छत्री, ते पुढं आणि आपण मागं. 1935 साली तुकडोजी महाराजांनी इथं आश्रम काढला, 1955ला महाराज जपानच्या विश्वधर्म परिषदेला गेले, 11 ऑक्टोबर 1968ला देह ठेवला, अन् अजून पुण्यतिथीला बरोबर 4 वाजून 58 मिनिटांनी सारा जनसमुदाय मौन उभा राहतो, हे ते एका दमात सांगतात. सांगून झालं की स्वतःही क्षणभर गप्प होतात. दिवसभरातलं त्यांचं मौन ते तेवढंच.

अशा माणसाला पोरानं टूरवर बीजिंगला धाडलं. तिथल्या बादशाही वाड्यात, म्हणजे त्या निषिद्ध नगरीत, गाइड दुसराच. एका म्यानात दोन तलवारी! दक्षिणेच्या दाराशी तो म्हणाला, ‘‘वूमन गेट.’’ चिनी भाषेत त्या दाराचं नावच वूमन आहे. पण गुरुजींनी छत्री आडवी धरून सगळे पुरुष थांबवले. ‘‘आंधी बाया जाऊ द्या जी!’’ पुढं एक केशरी झेंडी दिसली. गुरुदेवभक्ताचे पाय केशरी रंगामागं आपसूक चालतात. दोन महाल पाहून झाल्यावर कळलं, की झेंडी भलत्याच चिनी मंडळीची आहे. ही हकिकत गुरुजी सांगत नाहीत, काकू सांगतात. गुरुजींच्या मते त्या झेंडीवाल्याला माहिती कमी होती. म्हणजे गुरुजींना चिनी केव्हा समजायला लागलं, हे विचारायची सोय नाही.

तेव्हापासून आश्रमाचा फेरा अर्ध्या तासात आटोपतो आणि पाहुणा गुरुजींच्या अंगणात येऊन पडतो. वाडा तिथं आहे.

‘‘इकडून या जी. हे दक्षिणेचं दार. 1420 साली वाडा पुरा झाला, पाचशे वर्षांत चोवीस बादशहा नांदले. मधातल्या कमानीतून फक्त बादशहा. राणी लग्नाच्या दिवशी एकडाव. अन् मोठ्या परीक्षेत पहिले तीन नंबर आलेले पोट्टे, थेही एकडाव, बाहेर निंगताना!’’ इथं आवाज जरा बसतो. चौतीस वर्षं मास्तरकी केली. ‘‘आमच्या झेडपीच्या शाळेत पहिल्या नंबराले कंपासपेटी भेटे.’’

मी निंबाच्या सावलीत सरकलो.

‘‘तिथं नका उभे राहू. बाहेरच्या चौकात झाडच नाही. हा निंब नाही, असं धरा.’’

मे महिना होता. मी निंब नाही असं धरलं आणि उन्हात आलो. गुरुजी छत्रीखाली होते.

पाण्याचा रांजण आला. ‘‘असे तांब्या-लोखंडाचे हंडे, तीनशेच्या वर! आगीसाठी पाणी भरून ठेवत. थंडीत पाणी गोठू नये म्हणून खाली जाळ लावत.’’

आग विझवायच्या पाण्याखाली आग, ही गोष्ट मला आवडली; पण गुरुजी तोवर ओसरीच्या उंबऱ्याशी पोचले होते. ‘‘तिथले उंबरे आपल्यापेक्षा उंच. पाय नाही द्याचा, ओलांडून जाचं. पण शेवटचा बादशहा पूयी. 1912त राज्य गेलं, तरी पोट्टा 1924 लोक वाड्यातच होता. त्याले सायकल भेटली, तं यानं उंबरेच कापून टाकले!’’ आणि ओसरीत चढवलेल्या नातवाच्या मोटरसायकलकडं त्यांनी असं पाहिलं, की राज्यं कशी जातात ते मला समजलं.

‘‘खोल्या किती? लोकं म्हणतात, देवाच्या वाड्यात दहा हजार, म्हणून बादशहानं एक कमी केली. मोजल्या तं आठ हजार सातशेच्या आसपास भरल्या.’’

आतून काकूंचा आवाज आला. ‘‘एवढ्या खोल्या झाडे कोण?’’

गुरुजींनी छत्री मिटली, पुन्हा उघडली. या प्रश्नाचं उत्तर त्या गाइडनं दिलं नव्हतं. झेंडीवाल्यानंही दिलं नसावं. ते म्हणाले, ‘‘चला, पुढं जाऊ.’’

पुढं माजघर. ‘‘आता अंदरचा महाल. बाहेर दरबार, अंदर घरवाले. परक्या माणसाले इथं पाय टाकाची सोय नव्हती.’’ स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन मात्र स्वतः गुरुजीही थांबले. काकूंनी ओटा नुकताच पुसला होता.

‘‘इथून समोर आपल्यालेही परवानगी नाही जी,’’ ते हळूच म्हणाले.

काकूंनी चहाचा ट्रे आणून सरळ उंबऱ्यावर ठेवला. उंबऱ्यावर काही ठेवू नये, हे गाइडनं सांगितलं नाही.