दर चॅनलला शंभर वॉट

चेन्नईच्या दक्षिणेला ईस्ट कोस्ट रोडवर कोवलम लागतं. किनाऱ्यावर मासेमारीच्या होड्या, लाटांवर फळ्या घेऊन झुंजणारी पोरं, आणि आत सोसायट्यांमधून, मुलगा सिरुसेरीच्या आयटी कंपनीत म्हणून इथे येऊन राहिलेले निवृत्त मराठी आईबाप. वॉटकाका त्यांतलेच. ही जात पुण्यात आणि डोंबिवलीतही आढळते, पण तिथे गर्दीत खपून जाते. इथे मात्र मराठी बोलणारा माणूस दिसला की काका लिफ्ट अडवून विचारतात, "तुमचा अ‍ॅम्प्लिफायर किती वॉटचा?"

आपल्याला गाणं आवडतं, असं काकांचं म्हणणं आहे. पुरावा अजून हाती आलेला नाही. भीमसेनांनी षड्ज लावला न लावला तोच काका त्यांना थांबवतात आणि यंत्राच्या पाठीवरचं लेबल वाचून दाखवतात.

काकांचं तमिळ दोन प्रश्नांपुरतं आहे. "आरएमएस्सा, पीएमपीओवा?" म्हणजे वॉट सतत टिकणारे की खोक्यावर फुगवलेले, आणि "एव्वळवु ओम?" म्हणजे स्पीकरचा रोध किती ओम. एवढ्या भांडवलावर त्यांनी माउंट रोडजवळच्या रिची स्ट्रीटवरचे दुकानदार जेरीला आणले आहेत. एकदा एकाने हजार वॉटचा डबा पुढे केला. काकांनी तो उलटा केला. मागे लिहिलं होतं, वीज लागते ६० वॉट. "साठ खाऊन हजार देणारं यंत्र निघालं असतं, तर सरकारने कल्पाक्कमला अणुभट्टी कशाला बांधली असती?" काका मराठीत कडाडले. दुकानदाराला शब्द कळले नाहीत, पण डबा त्याने मुकाट्याने फळीवर ठेवला.

हा हजाराचा आकडा कसा फुगतो, हे काकांकडूनच ऐकावं. मूळ यंत्र ८ ओमवर ५० वॉटचं. तेच ४ ओमवर मोजलं की ८०. दोन्ही चॅनलची बेरीज १६०. पीक धरलं की दुप्पट, ३२०. त्यापुढे पीएमपीओ. त्याला कसलंच प्रमाण नाही. तो दुकानदाराच्या मूडवर आणि खोक्यावरच्या जागेवर ठरतो. म्हणूनच अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला, की घरगुती अ‍ॅम्प्लिफायरचे वॉट सांगायचे तर किती ओमवर, कोणत्या कंपनसंख्येपासून कुठपर्यंत आणि किती डिस्टॉर्शनला, हेही सांगा. साल १९७४. "१६७४ ला राज्याभिषेक, आणि बरोबर ३०० वर्षांनी हा कायदा," असं म्हणताना काका सावरून बसतात. या दोन घटनांचा संबंध विचारायचं धाडस आमच्यात अजून कोणी केलेलं नाही.

वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला हवा तर वॉट दहापट लागतात, हेही आम्हाला काकांनीच शिकवलं. आणि नंतर त्यांनीच ८० चा चांगला चालता अ‍ॅम्प्लिफायर विकून १०० चा आणला. फरक एका डेसिबलचा.

"अहो, तेवढा तर पंखा बंद केला तरी पडतो," काकू म्हणाल्या.

काकांची बाजू अगदीच लंगडी नाही. दिवाणखान्यातलं ऐकणं एका वॉटच्या आसपास, बहुतेकदा त्याहूनही कमीत भागतं. पण तबल्याची एखादी थाप क्षणभर सरासरीच्या दहापट, वीसपट शक्ती मागते, आणि शिल्लक नसेल तर आवाज फाटतो. फार ताणलं तर ट्वीटर जळतो. तेव्हा गाठीला थोडे वॉट हवेतच. काकांच्या गाठीला इतके आहेत की तबलजीने हातोडा घेतला तरी पुरावेत.

त्यांचा खरा पराभव आडी या तमिळ महिन्यात होतो. अम्मनच्या देवळाचा उत्सव सुरू झाला, की नारळाच्या झाडाला भोंगा बांधला जातो. त्याच्यामागचा अ‍ॅम्प्लिफायर पंचवीस-तीस वॉटचा. काका खिडकी लावतात, आवाज वाढवतात, पण भीमसेन स्वतःच्याच घरात ऐकू येत नाहीत. याचं कारण काकांना तोंडपाठ आहे. एका वॉटला एक मीटरवर त्यांचा स्पीकर ८६ डेसिबल देतो आणि भोंगा १०६. वीस डेसिबल म्हणजे शंभरपट. त्या पंचवीस वॉटशी बरोबरी करायची तर काकांना अडीच हजार लागतील. थोडक्यात, आधी स्पीकर बघावा, मग वॉट. हे सगळं ते गणपतीच्या मंडपात आम्हाला फळ्यावर लिहून समजावतात, आणि खाली बसल्यावर दीडशे वॉटच्या यंत्राची चौकशी करतात.

परवा केळंबाक्कमच्या एका तरुणाने सल्ला विचारला. "काका, खोली दहा बाय बारा, शेजारी तान्हं मूल. किती वॉटचा घेऊ?"

काकांनी स्पीकरची सेन्सिटिव्हिटी विचारली, सोफ्याचं अंतर विचारलं, थापेसाठी शिल्लक धरली, दोनदा बेरीज तपासली. उत्तर तीस आलं. त्या कागदाकडे ते बराच वेळ बघत राहिले.

"ऐकायला तीस पुष्कळ झाले," शेवटी ते म्हणाले. "पण कोणी विचारलं तर सांगणार काय?"