पहाटेची बिनबुलावा मैफल

कपाटात किशोरीताई आणि कुमारजी रांगेनं लावले म्हणून मेंदू रसिक होत नाही. रात्री यमन ऐकत झोपावं आणि सकाळी डोळे उघडावेत तर आत घंटागाडीचं गाणं! तेही अख्खं नाही, पहिली दीड ओळ. पुढचं आठवत नाही म्हणूनच ते सुटत नाही, असा एक तर्क आहे. अर्धवट कामं डोक्यात जास्त टिकतात, हे ब्लूमा झायगार्निक या बाईंनी १९२७ मध्ये मांडलं होतं. आपल्याकडचे खोदून ठेवलेले रस्ते त्यांनी पाहिले नसतानाही!

अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठानं २०२१ मध्ये आणखी घोळ घातला. झोपण्यापूर्वी ऐकलेली ओळखीच्या गाण्याची नुसती धून शब्दांसकट गाण्यापेक्षा जास्त चिकटते म्हणे. म्हणजे गाढ झोपेसाठी सिनेगीतांच्या बासरीधुना लावणाऱ्यांची पंचाईतच.

उतारा इंग्लंडच्या रीडिंग विद्यापीठाकडे आहे: च्युइंगम चघळा. २०१५ च्या त्यांच्या प्रयोगात चघळणाऱ्यांना गाणं कमी वेळा आठवलं. मात्र ब्राह्ममुहूर्तावर अंथरुणात बसून रवंथ करणाऱ्या गृहस्थाकडे घरचे कोणत्या नजरेनं पाहतात, हे काही त्यांनी तपासलेलं दिसत नाही.