ताटात मोकळी जागा

परदेशात एकदाच, पण नावाजलेल्या शेफच्या हॉटेलात जेवून आलेला माणूस तुमच्याही नात्यात असणार. तो परत आल्यापासून तुमच्या घरची आमटी उगाचच अपराधी होऊन वाटीत बसत असणार. आमच्याकडं हा मान दाजींचा. दाजी म्हणजे आक्काचे मालक, त्यामुळं त्यांना तोंडावर 'पुरे करा' म्हणायची सोय नाही. मराठवाड्यात मेव्हण्यानं दाजींचं ऐकून घ्यायचं असतं आणि दाजींना ते पक्कं ठाऊक असतं.

आष्टीत त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. आष्टी म्हणजे जालना जिल्ह्यातली, तालुका परतूर. बीडची नव्हे, वर्ध्याची नव्हे, मोहोळकडची तर नव्हेच. (हा खुलासा दाजी दुबईच्या वेटरलाही करून आले आहेत.) बियाण्याच्या आणि औषधाच्या कंपन्या दुकानदाराला टार्गेट देतात आणि ते झालं की स्कीम लागते. पूर्वी स्कीममध्ये भिंतीवरचं घड्याळ यायचं, मग मिक्सर आला, मग दुकानदार बँकॉकला जायला लागले. दाजींना दुबई लागली.

परतूरला देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसलेला माणूस दोन-तीन दिवसांत 828 मीटरच्या बुर्ज खलिफाखाली उभा राहतो, तर त्यानं त्यावर निदान एक संध्याकाळ बोलावं. दाजींनी बुर्ज खलिफा दोन शब्दांत संपवला. "उंच हे." वाळवंटातली सफारी? "वाळू हे." समुद्र? "आता समुद्र म्हणल्यावर पाणीच राहणार की." पण "दाजी, जेवायचं कसं काय होतं तिकडं?" असं कुणी चुकून विचारलं की दुकानाचं शटर अर्धं खाली येतं, गिऱ्हाइकाला स्टूल मिळतं आणि सोयाबीनवरच्या अळीला तासभर जीवदान मिळतं.

"संजीव कपूरच्या हॉटेलात जेवलो," इथून सुरुवात. संजीव कपूर कोण हे कुणाला सांगावं लागत नाही. 1993 साली झी टीव्हीवर 'खाना खजाना' सुरू झालं आणि हसतमुख पुरुष स्वयंपाक करतो हे दृश्य आपल्या बायकांनी पहिल्यांदा पाहिलं. पाच वर्षांनी, 1998 साली, त्यांनी दुबईत 'खजाना' नावाचं हॉटेल काढलं. दाजींच्या कथेत या सगळ्याला एक वाक्य मिळतं. नंतरचा सगळा वेळ ताटाला.

"एवढं मोठं ताट," दाजी दोन्ही हातांनी दाखवतात. ते दर महिन्याला वाढतं, सध्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाएवढं झालंय. "पांढरंशुभ्र. त्याच्यात मधोमध लाल ग्रेव्ही. त्याच्यावर दोन अर्धे गोळे. बाहेरून पालक, आतून पनीर. हिरवं आन् पांढरं. नाव काय, तर शाम सवेरा. आन् बाकीचं ताट?"

इथं ते थांबतात. गिऱ्हाइकानं 'काय?' म्हणायचं असतं.

"मोकळं."

झालं. दुबईहून लोक सोनं आणतात, खजूर आणतात. आमचे दाजी हे एक वाक्य घेऊन आले. ताटात मोकळी जागा पाहिजे. अन्नाला श्वास घेऊ द्यायचा असतो. आपल्याकडं ताट नुसतं बुजवतात.

पुढच्याच लग्नसराईत याची झळ साऱ्या भावकीला बसली. आमच्याकडच्या पंगतीत वाढप्यांची गाडी एकदा सुटली की थांबत नाही. बुंदी, पुरी, वांग्याची भाजी, भात आणि त्यावर बादलीतून वरणाची धार. दाजींनी पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरले आणि वाढप्याला सांगितलं, "वांगं बारा वाजता ठेव. भात सहा वाजता. मधी जागा सोड." तो पोरगा सकाळपासून उन्हात बादल्या वाहत होता. म्हणाला, "दाजी, बारा कव्हाच वाजले. अडीच झालेत, हात काढा." आणि दाजींच्या मोकळ्या जागेत वरण ओतून पुढं गेला.

भंडाऱ्यात त्यांनी हेच केलं. एका तेराव्यालाही केलं. तिथं मयताच्या थोरल्या मुलाला ते हळूच म्हणाले, "बाकी समदं चांगलं झालं, पण ताटात जागा नव्हती." घरी तर रोजच. भाकरी ताटाच्या कडेला, पिठलं एका बाजूला, ठेच्याचा फक्त एक ठिपका. त्या ठिपक्यानं पोट भरत नाही म्हणून ते तीनदा वाढून घेतात आणि दर वेळी आक्कानं ताट नव्यानं मांडायचं.

एकदा मीच त्यांना सांगितलं की मोठ्या हॉटेलांना तारे देणारी मिशेलिन ही मुळात टायरची कंपनी आहे. 1900 साली फ्रान्समध्ये गाडीवाल्यांनी लांब लांब फिरावं, टायर झिजवावेत, म्हणून तिनं एक पुस्तिका काढली. हॉटेलांचे तारे पुढं त्यातूनच आले. 2025 साली तर दुबईतल्याच ट्रेसिंड स्टुडिओ या हिमांशु सैनी यांच्या हॉटेलाला तीन तारे मिळाले. भारतीय जेवणाला ते पहिल्यांदाच. मला वाटलं, टायरचं ऐकून दाजी जरा खाली येतील. शेजारचा पंक्चरवाला मात्र एकदम वर गेला. "बरोबरच हे की! कोणत्या धाब्यावर किती ट्रका थांबतेत ते आमाला नाय ठाऊक तर कुणाला?" तेव्हापासून तो गिऱ्हाइकांना धाबे सुचवतो, आणि खरं सांगायचं तर त्याचं एकही नाव चुकलेलं नाही.

दाजींना अडवायचा दुसरा रस्ता म्हणजे, "संजीव कपूर स्वतः होते का?" नव्हते. ज्याचं नाव पाटीवर असतं तो शेफ बहुधा दुसऱ्या शहरात किंवा टीव्हीवर असतो, आत भलताच कुणी तरी घामाघूम होत असतो. यावर दाजी सहसा खजील होत नाहीत. "बियाण्याच्या पिशवीवर नाव कुणाचं? कंपनीचं. प्लॉट कुणाचा? आपल्याच शेतकऱ्याचा. उगवलं म्हंजी झालं." ज्या जिल्ह्यात 1964 साली बद्रीनारायण बारवालेंनी महिको उभी केली आणि तेव्हापासून गावोगावी सीड प्लॉट घेतले जातात, तिथल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. शेफ या धंद्यावर यापेक्षा नेमकं भाष्य मी तरी कुठं वाचलेलं नाही. पण हे दाजींना सांगण्यात अर्थ नाही. त्यांचं ताट आणखी मोठं होईल.

त्यांना गप्प केलं ते फक्त बाईंनी. बाई म्हणजे दाजींच्या आई. ऐकू कमी येतं, पण नको ते बरोबर येतं. एका संध्याकाळी अंगणात चार पाहुणे बसलेले, दाजी मोकळ्या जागेपाशी पोचलेले, आणि ओट्यावरून बाई म्हणाल्या, "बहात्तरला लई मोकळी होती की ताटं."

कुणी काही बोललं नाही.

"तुझा बाप खडी फोडायला जायचा. सुकडी मिळायची, ती तुमाला. मंग ती लाल मिलो आली, अमेरिकेची. भाकर थापली की तुटायची. परदेशातलं जेवण म्या तव्हाच खाल्लंय बाबा. इमान न्हाई लागलं."

1972 च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी आमच्या भागातल्या प्रत्येक म्हातारीनं खाल्ली आहे आणि एकीनंही तिचं कौतुक केलेलं नाही. दाजी उठून आत गेले. त्या रात्री त्यांनी ताट काठोकाठ वाढून घेतलं आणि पुसून काढलं. बाईंसमोर तो विषय नंतर निघाला नाही. दुकानात मात्र आठवड्याभरात पुन्हा सुरू झाला. माणूस एवढ्यानं सुधारत नसतो.

तरी एक गोष्ट लिहिली पाहिजे, मनात नसली तरी. कंपनीनं त्या दिवशी सगळ्या दुकानदारांना हॉटेलातच जेवण ठेवलं होतं, फुकट, हवं तेवढं. संजीव कपूरकडं जेवणं स्कीममध्ये नव्हतंच. दाजी एकटे टॅक्सी करून गेले, स्वतःच्या दिरहमांनी. दिरहम तेव्हा तेवीस रुपयांच्या आसपास होता. ज्या माणसानं उभ्या जन्मात घासाघीस केल्याशिवाय कोथिंबीर घेतली नाही, त्यानं. का, ते आक्काकडून कळलं, आणि तेही मला तिची वही दिसली म्हणून.

लग्न होऊन आष्टीत आल्यावर आक्का 'खाना खजाना' लावून वही घेऊन बसायची. समोर टीव्ही, मांडीवर पोरगं, आणि डोक्यावर भारनियमन. वहीतल्या निम्म्या पाककृती अर्ध्याच आहेत. 'शाम सवेरा' हे नाव ठळक अक्षरांत, दोनदा अधोरेखित. खाली लिहिलंय: 'पालक उकळत्या पाण्यातून काढून थंड पाण्यात टाकावा. घट्ट पिळावा. मग'

मगच्या पुढं लाइट गेली. पुढचं नंतर लिहू म्हणून तिनं पान तसंच सोडलं.

दाजींनी त्या गढवाली वेटरला आपलं गाव, जिल्हा, तालुका आणि बायको एवढं सगळं सांगून त्याच्याकडून पुढची कृती मिळवली होती. ती वहीत त्यांच्याच अक्षरात आहे, उधारीच्या खात्यासारखी एकाखाली एक: पनीर मळणे, वेलदोडा, मीठ, पालकात भरणे, कॉर्नफ्लोअर, तळणे, मधोमध कापणे. आक्कानं त्याप्रमाणं एकदा केलंही. दाजींनी खाल्लं, बराच वेळ विचार केला, आणि म्हणाले, "ग्रेव्ही जास्त झाली. जागा राहिली नाही."

आक्का दुबईला गेली नव्हती. ती स्कीम एकट्याचीच होती, दुकानदाराची. शेतकऱ्याची तर कुठलीच नसते. तो पिशवी विकत घेतो, पावती घडी घालून खिशात ठेवतो आणि दाजींचं ताट ऐकत उभा राहतो.

यंदा मात्र कंपनीनं स्कीम जोडप्याची ठेवली आहे आणि टार्गेट दीडपट. तेव्हा परतूर तालुक्यातल्या समस्त शेतकरी बांधवांना माझी हात जोडून विनंती आहे, खरिपाचं बियाणं आमच्या दाजींकडूनच घ्या. पक्की पावती मागून घ्या. आणि जेवणाचं काही विचारू नका.