कॅज्युअल्टीच्या दारावर लिहा

कोलकात्याच्या बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ नावाची गल्ली आहे. 1742 मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून आल्या, तेव्हा कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. त्याची ही खूण. खंदक पुरा झालाच नाही, आणि मराठेही शहरात शिरले नाहीत. पक्षाघाताचा झटका मात्र शिरतो, रोज. कोलकात्यातल्या 52,377 लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष 2007 मध्ये छापून आले. दर लाखामागे वर्षाला सुमारे 145 जणांना झटका, आणि त्यातले 41 टक्के महिन्याभरात दगावलेले.

गुठळीमुळे झटका आला असेल, तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आधी सीटी स्कॅन हवाच, कारण मेंदूत रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेततं. अल्टेप्लेझ या इंजेक्शनचा डोस वजनाच्या किलोमागे 0.9 मिलिग्रॅम. म्हणजे ज्याला उभंही राहता येत नाही, त्याचं वजन करायला काटा हवा. रात्री दोनला सीटीचा टेक्निशियन जागेवर हवा, इंजेक्शन कॅज्युअल्टीच्याच कपाटात हवं. नातेवाइकाला चिठ्ठी देऊन मेडिकल दुकानं पालथी घालायला लावणं म्हणजे उपचार नव्हेत. ‘24 तास इमर्जन्सी’ या पाटीने फार तर दार उघडं असल्याचं कळतं.

पश्चिम बंगाल सरकारची ‘स्वास्थ्य इंगित’ योजना मला म्हणूनच मोलाची वाटते. बांगुर इन्स्टिट्यूट ऑफ न्यूरोसायन्सेसमधले तज्ज्ञ लांबच्या रुग्णालयातला स्कॅन पडद्यावर पाहून इंजेक्शन द्यायचं की नाही ते सांगतात. आमच्याकडे न्यूरॉलॉजिस्ट नाही, ही सबब मग कुणी सांगू नये. पुण्यातही नाही, नागपुरातही नाही.

घरच्यांनी एवढंच करावं: तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ अडखळली की रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लिहून घ्यावी आणि थेट निघावं. सकाळची वाट पाहू नये.

पण निघायचं कुठे, ते त्यांना कोण सांगणार? प्रत्येक रुग्णालयाने कॅज्युअल्टीच्या दारावर लिहावं: गेल्या महिन्यात झटक्याचे रुग्ण किती आले, इंजेक्शन किती जणांना मिळालं, दारापासून सुईपर्यंत किती मिनिटं लागली. साठच्या आत लागायला हवीत. आणि जिथे रात्री सीटी चालत नाही, तिथे तेही ठळक अक्षरांत लिहावं, म्हणजे अॅम्ब्युलन्स तिथे न थांबता पुढे जाईल.