गल्ल्यावरचा गुरू

वडापावची गाडी लावायची तर अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. बिझनेस कोच व्हायला मात्र आपल्याकडे कसलाच परवाना लागत नाही. ब्लेझर असला की भागतं.

भोसरीत आमच्या एका मित्राचं लेथचं वर्कशॉप आहे. कोच लावावा की नको, या विवंचनेत तो महिनाभर आहे. हॉटेलच्या हॉलमधलं पहिलं सत्र फुकट होतं. टाळ्या वाजवून झाल्या, शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारून झाली, 'मी सिंह आहे' असं तीनदा ओरडून झालं. मग फॉर्म आला : वर्षाचे दीड लाख, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १ लाख ७७ हजार. सिंहाचं तोंड एवढंसं झालं.

खरं तर त्याचं दुखणं वेगळंच. पैसे अडकलेत मोठ्या गिऱ्हाइकाकडे. छोट्या उद्योगांचं बिल फार तर ४५ दिवसांत चुकतं करावं, असं २००६चा कायदा सांगतो. गिऱ्हाईक १२०व्या दिवशी "साहेब टूरवर आहेत" सांगतं. कोचने यावर 'माइंडसेट बदला' असं सुचवलं. कुणाचा, ते नाही सांगितलं.

"सर, तुमचा स्वतःचा धंदा कोणता होता?" मित्राने भीतभीत विचारलं.

"कोच घडवण्याचा."

वर्कशॉपचे हिशेब वहिनी सांभाळतात. उधारी आवरा, हे त्या पहिल्या वर्षापासून सांगताहेत. पण त्या फुकट सांगतात ना!